मागघरात नेट पोचलं तेव्हा

गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या एक-दोन वर्षांत आमच्या भंडाऱ्याच्या घरी टेलिफोन आला. बाबांनी तो समोरच्या खोलीत खिडकीजवळ ठेवला. घंटी वाजली की आई, बाबा आणि मी एकदमच उठायचो. दादा बसल्या जागेवरून आमच्याकडे पाहायचा. तो जन्मापासून बहिरा. फोन आला हे त्याला आमच्या उठण्यावरून कळायचं. पहिल्याच आठवड्यात एकदा त्यानं रिसीव्हर उचलला, कानाला लावला, मग गालाला लावला, मग डोळ्यांसमोर धरून त्याची बारीक भोकं निरखली आणि नीट जागेवर ठेवून दिला. त्यानंतर त्या फोनला त्यानं कधी हात लावल्याचं मला आठवत नाही.

आम्ही विणकर. गल्लीतल्या बाकीच्या घरांसारखंच आमचं घर अरुंद आणि लांबलचक आहे. समोरची खोली, मग मधली, मग स्वयंपाकघर, मग उघडं आंगण आणि आंगणापलीकडे मागघर. हातमाग मांडलेला असतो ती खोली म्हणजे मागघर. बाबा गेल्यावर तो माग दादानं घेतला. कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड तो बाबांपेक्षाही चांगलं विणतो, असं गल्लीतले म्हातारे विणकर सांगतात. मी शिकले आणि इथल्याच एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायला लागले. आम्हा दोघांचीही लग्नं झाली नाहीत. घरात आई, दादा आणि मी.

दादाला सहाव्या वर्षी नागपूरच्या मूकबधिरांच्या निवासी शाळेत घातलं होतं. तिथे तो खुणांची भाषा शिकला. पण त्याच्या आधीच आईनं आणि त्यानं मिळून आपली एक भाषा केली होती. 'उद्या' म्हणायचं तर आई मागावरचा धोटा उजवीकडे फेकल्यासारखा हात करायची. तोच हात डावीकडे गेला की 'काल'. ताप, बाजार, पाहुणे, मरण, सगळ्याला तिची आपली खूण होती. सुटीत तो शाळेतून नव्या खुणा घेऊन यायचा, आई त्या पटापट उचलायची आणि आपल्यात मिसळून टाकायची. दुपारी ती मागघराच्या दारात धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायला बसे. मधेच चरखा थांबवून दोघं बोलत. कधी कधी इतकं लांबत जाई की चहा निवून जायचा.

मला मात्र कामापुरत्याच खुणा यायच्या. जेवलास का, पाणी, बाहेर जाते, डोकं दुखतं. बाकी मी त्याच्यासमोर उभी राहून ओठ सावकाश हलवायची आणि तो वाचून घ्यायचा. माझ्या मते आमचं चांगलं चाललं होतं. भाषा शिकवणाऱ्या बाईनं घरातलीच एक भाषा शिकून घेऊ नये, यात मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही. दादाचं बोलणं लिहिताना मी पुढे आमच्या घरची बोली वापरली आहे. त्याची बोली कागदावर उतरत नाही.

व्हिडिओ कॉल आले आणि दादाला पहिल्यांदा स्वतःचा म्हणता येईल असा फोन मिळाला. शाळेतले मित्र वर्ध्याला, चंद्रपूरला, गोंदियाला पांगले होते, ते त्याला परत सापडले. पहिल्या लॉकडाउनमध्ये माझे तास ऑनलाइन सुरू झाले, म्हणून मी घरी नेट घेतलं. तार रस्त्यावरच्या खांबावरून खिडकीतून आत आली, राउटर समोरच्याच खोलीत फळीवर बसला. माझं काम झालं. मागघरापर्यंत मात्र ते वायफाय पोचत नव्हतं. मधे तीन जाड भिंती, आंगणावर अर्धं पत्र्याचं छप्पर आणि मागघरात सुताची लोखंडी कपाटं. मोबाइलचं नेटवर्कही त्या पत्र्याखाली एखादी काडी दाखवायचं.

दादानं मला तीन-चारदा सांगितलं.

"मांग नेट येत नाही."

"येते ना रे," मी ओठांनी म्हणायची. "थांबून थांबून येते, पण येते."

एकदा त्यानं मला समोर बसवलं आणि काही तरी सांगायला सुरुवात केली. मधेच त्याचा हात हवेत थांबला. बोटं अर्धी वाकलेली, चेहरा दगडासारखा. तो तसाच माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं गंमत करतोय, मी हसले. मग त्यानं हात खाली घेतला आणि म्हणाला, "असं येते. सांग, मी काय म्हटलं?"

मला सांगता आलं नाही. माझ्या तासाला चित्र अडकलं तरी आवाज पुढे जात असे, मुलांना धडा कळत असे. त्याचं चित्र अडकलं की त्याचं वाक्यच अडकायचं. हे मला समजलं, पण मनाला लागलं नाही. मी सिग्नल पुढे ढकलणारा एक रिपीटर आणून स्वयंपाकघरात लावला. त्यानं फोनवर काड्या भरपूर दिसायला लागल्या, चित्र मात्र पूर्वीसारखंच अडकायचं. रिपीटरलाच मुळात कमी मिळत होतं, तो पुढे काय देणार? शेवटी दादा आपले कॉल मधल्या खोलीत येऊन करू लागला आणि मी तो विषय डोक्यातून काढून टाकला.

दुसऱ्या लाटेत, एप्रिलच्या शेवटी, दादाला ताप आला. तपासणी पॉझिटिव्ह निघाली. मागघराच्या मागे वेगळं न्हाणीघर आहे, म्हणून तो आपणहून तिकडे राहायला गेला. मागाच्या बाजूला चटई टाकली, पंखा लावला, दार आंगणाकडे उघडं ठेवलं. आई आंगणाच्या मध्यावर ताट ठेवून मागे सरकायची, मग तो येऊन घेऊन जायचा. आम्ही मास्क लावलेले. माझे ओठ झाकले गेले आणि माझं त्याच्याशी बोलणंच बंद पडलं. मी हातवारे करायची, तो मान हलवायचा, पण मी काय म्हणते ते त्याला कळत नव्हतं हे मला दिसत होतं. आईला काही फरक पडला नाही. ती आंगणाच्या अलीकडून, तो पलीकडून, दोघांचे हात पूर्वीसारखेच चालत.

चौथ्या दिवशी आईला ताप भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटाला लावायच्या मशीनवर ऑक्सिजन उतरलेला दिसला. ॲम्ब्युलन्स गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली. जाताना आई स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि मागघराच्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या दादाला म्हणाली, "जेवत जाय. मी येते." त्यानं विचारलं, "कधी?" तिनं हात उजवीकडे फेकला. उद्या.

वॉर्डात नातेवाइकांना जाऊ देत नव्हते. आईचा फोन तिच्याजवळ होता. त्याच दिवशी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, दोन्ही गालांवर त्याच्या पट्ट्यांचे वळ. ती काही बोलायला गेली, पण मास्कच्या आत नुसता घुर्रघुर्र आवाज झाला. मागून कुणी तरी ओरडलं, "आजी, बोलू नका, मास्क काढू नका!" मी एकटीच बोलत राहिले. जेवलीस का, डॉक्टर काय म्हणाले, दादा बरा आहे. ती डोळ्यांनी हो म्हणत होती. मग तिनं एका बोटानं आपली भुवई मधोमध कापली. दादाच्या भुवईवर लहानपणीच्या जखमेची रेघ आहे. ती दादाची खूण.

"त्याच्याशी बोलाचं आहे?"

तिनं मान हलवली.

मी तिला दादाच्या फोनवर कॉल लावायला सांगितलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. मागघरात दादानं फोन वर धरला, खाली धरला, दाराशी आणला. शेवटी तो आंगणात आला. मे महिना लागला होता. दुपारचा एक वाजला असेल. आमच्याकडचं ते ऊन अंगात ताप नसलेल्या माणसालाही उभं राहू देत नाही. तो अनवाणी उभा राहून फोन स्वयंपाकघराच्या दिशेनं वर धरत होता. तिथे चित्र थोडं हलत असावं, पण उन्हाच्या झळाळीत त्याला ते दिसत नव्हतं. त्यानं डोक्यावरून पंचा घेतला, फोनवर सावली केली. असं केलं की एकच हात मोकळा राहायचा. त्या हातानं तो बोलत होता आणि पलीकडून काय येतंय ते कळावं म्हणून पंच्याच्या आत डोकं घालत होता. मी पाच-सात मिनिटं ते पाहिलं. वर्षभर तो मला काय सांगत होता, ते मला तिथे कळलं.

नेटचं काम पाहणारे काका आमच्या वस्तीत जुने. पन्नाशीचे, पूर्वी केबल टीव्हीच्या तारा ओढायचे. मी त्यांना फोन लावला.

"मॅडम, वायफाय म्हंजे हवेतलं काम आहे," ते म्हणाले. "तुमच्या भिंती हातहातभर जाड. मधात टिनाचं छप्पर. सिग्नल तरी काय करन?"

"मंग तार ओढून द्या."

"तार सगळ्यात बेस. पण बंडल संपलं. नागपूरवरून माल येऊन नाही राहिला. आन् आता तुमच्या घरात भिंतीले छेद पाडायले कोन येईल?"

मी पुन्हा तारच मागितली. त्यांनाच काय वाटलं कोण जाणे, ते म्हणाले, "कोनासाठी पाहिजे एवढं अर्जंट?"

मी सांगितलं. आईचा मास्क, दादाचं आंगणातलं उभं राहणं, सगळं सांगितलं.

"एक चीज आहे माझ्याकडे," ते म्हणाले. "एका जणानं वापस केलेली. दोन डब्बे आहेत. एक राउटरजवळच्या बोर्डात लावाचा, दुसरा मांगच्या खोलीतल्या बोर्डात. नवी तार लागत नाही. लाइटची जी तार तुमच्या घरात फिरून राहिली ना, तिच्यातूनच नेट जाते, आन् मांगचा डब्बा तिथंच वायफाय देते."

"लाइटच्या तारेतून?"

"हाव. करंट आपला जाते, नेट आपलं जाते. तुमचं मीटर एकच आहे ना? त्याच्याइथं दोन होते, पुढचं अलग, मांगचं अलग. म्हून नाही चाललं."

आमचं मीटर एकच होतं. अर्ध्या तासात ते आले. ओट्यावर पिशवी ठेवून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले आणि तिथूनच मोठ्यानं समजावून सांगितलं. मुठीत मावतील असे दोन पांढरे डबे होते, मागे पिना. एक मी राउटरशेजारी लावला आणि आखूड तारेनं राउटरला जोडला. दिवा लाल.

"एक्स्टेन्शनमधी लावला असन!" काका रस्त्यावरून ओरडले. "त्याच्यात नाही चालत. सिध्धा भिंतीतल्या बोर्डात लावा!"

लावला. दुसरा डबा मी दादाच्या जेवणाच्या ताटात, भाकरीशेजारी ठेवला. सोबत एका कागदावर बोर्डाचं चित्र काढलं, बटन कुठलं आणि किती वेळ दाबायचं ते लिहिलं. ताट आंगणाच्या मध्यावर ठेवून मागे आले. दादानं आधी डबा उचलला, उलटसुलट करून पाहिला, मग आत गेला. समोरच्या खोलीत माझ्या डब्यावरचे तिन्ही दिवे हिरवे झाले.

लगेच माझा फोन वाजला. दादाचा व्हिडिओ कॉल. तीस-चाळीस हातांवरून. त्याचा वाढलेल्या दाढीचा चेहरा, मागे ताणलेलं सूत, आणि हात. हात हलत होते, कुठेही न अडकता. मी मास्क काढला. पाच-सहा दिवसांनी त्याला माझे ओठ दिसले.

"जेवली काय?" त्यानं विचारलं.

"जेवते," मी म्हणाले. "तू आईले लाव."

पुढचे चार दिवस आई आणि दादा रोज बोलले. साधारण दहाला आणि परत चारच्या सुमारास. मला ते बोलणं ऐकू येण्याचा प्रश्न नव्हता आणि दिसत होतं तेही अर्धंच. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहायची, तेव्हा मागघराच्या उघड्या दारातून दादाचे हात दिसायचे. फोन त्यानं मागाच्या चौकटीला टेकवलेला असायचा. कधी तो दोन्ही हात उंच करून काही सांगायचा, कधी नुसता पाहत राहायचा. एकदा हसला. ताप उतरला नव्हता, तरी पोट धरून हसला. मी नंतर विचारलं, आई काय म्हणाली? तो म्हणाला, "तुले नाही समजणार." खोटं नव्हतं ते.

वॉर्डातल्या एक नर्सबाई मला रोज फोन करून आईची तब्येत सांगत. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "तुमच्या आईचा फोन मी पाण्याच्या बाटलीले टेकवून देते. म्हंजे दोन्ही हात मोकळे राहतात त्याहीचे." मग म्हणाल्या, "इथं मास्कमुळं कोनालेच बोलता येत नाही ना. एकट्या त्याच बोलतात. बाजूच्या पेशंटनं पाण्याची खूण शिकून घेतली त्याहीच्याकडून. आता आम्हालेही समजते."

हे मी दादाला सांगितलं. मग पाण्याची ती खूण त्यानं करून पाहिली, आधी साधी आणि मग जरा थकल्यासारखी, आई त्या पलंगावरून करत असेल तशी.

त्या डब्यांचं एक होतं. मिक्सर लावला की दादाचं चित्र चौकोनी तुकड्यांत फुटायचं. काकांना विचारलं तर म्हणाले, "मोटारीचं काही चालू झालं का लायनीत खरखर येते. वायफायले त्याचं काही नाही, याले आहे. आन् लाइट गेली का हे मेलंच समजा." मी ठरवून टाकलं की दहाला आणि चारला घरात काही चालू करायचं नाही. चटणी पाट्यावर वाटली. एका दुपारी चारच्या आधीच लाइट गेली. समोर माझा राउटर इन्व्हर्टरवर चालू होता, पण मागघर इन्व्हर्टरला जोडलेलं नव्हतं. दादा परत पंचा घेऊन आंगणात उभा राहिला. पाऊण तास. लाइट आली तेव्हा मी खिडकीतून दोन्ही हात वर केले आणि तो आत धावला.

पाचव्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं. आदल्या दिवशी आलं नव्हतं. टाकी कोरडी, घरात एक घागर उरलेली. रस्त्याच्या बाजूला, समोरच्या ओट्याखाली आमचा टिल्लू पंप, म्हणजे नळाचं पाणी टाकीत चढवणारी छोटी मोटार, आहे. नळ अर्धा-पाऊण तास चालतो, तेवढ्यात टाकी भरून घ्यायची असते. आठ वाजले होते. दहाला दोन तास बाकी होते. मी पंप सुरू केला.

टाकी किती भरली ते पाहत मी पायरीवर उभी होते. आठ-दहा मिनिटं झाली असतील. पंपाच्या आवाजातून मला थाळी बडवल्याचा आवाज आला. आत धावले. दादा आंगणात उभा राहून स्टीलच्या ताटावर पेला आपटत होता. मला पाहताच तो म्हणाला, "आई! चित्र गेलं! आई थांबली!"

आईनं त्या दिवशी आठलाच फोन केला होता.

मी मागे वळून समोर गेले, पंप बंद केला, परत आले. दादा मागघरात पोचला होता. कॉल तुटला होता. त्यानं पुन्हा लावला, मी लावला, परत त्यानं. कुणी उचलला नाही. अर्ध्या तासानं नर्सबाईंचा फोन आला. पहाटेपासून आईला दम लागत होता, आत्ताच व्हेंटिलेटरवर घेतलं. "नेण्याच्या आधी त्याहीनं स्वतःच फोन मागितला," त्या म्हणाल्या. "मीच टेकवून दिला. झालं ना मग बोलणं त्याहीचं?"

मी हो म्हणाले.

खिडकीशी गेले तेव्हा दादा दारातच उभा होता. व्हेंटिलेटरचं मी कागदावर लिहून दाखवलं. त्यानं वाचलं. मग विचारलं, "नेट काहून गेलं?"

पंप घराच्या पुढे होता. त्याला तो दिसला नव्हता. आणि ऐकू तर येतच नाही.

मी कागदावर लिहिलं: लाइट कमी-जास्त झाली.

त्यानं मान हलवली. मग आपला उजवा हात छातीसमोर धरला. तळवा वर, बोटं अर्धी वाकलेली. "इथं थांबली," तो म्हणाला. "हे काय असन?"

त्यानंतर तिसऱ्या दिवशी आई गेली. मला लांबून दाखवलं. दादाचे विलगीकरणाचे दिवस अजून संपले नव्हते, म्हणून तो तेवढ्यालाही येऊ शकला नाही. मी व्हिडिओ कॉल लावून फोन धरून उभी राहिले आणि तो मागघरातून पाहत होता. त्या दिवशी चित्र एकदाही अडकलं नाही.

दादा बरा झाला. हळूहळू मागावर बसू लागला. पण तो हात त्याला सोडत नव्हता. विणता विणता थांबायचा आणि तळवा वर, बोटं अर्धी वाकलेली, अशी मुद्रा करून तिथून हात पुढे कुठे जाऊ शकतो ते पाहायचा. तिथून आईच्या तीन-चार खुणा सुरू होत. एक 'खा'. एक 'झालं, पुरे'. एक 'सांभाळ'. त्यानं नर्सबाईंनाही लिहून विचारलं. त्यांना आठवत नव्हतं, किती जणांचं आठवणार? तो मला विचारायचा, "तुले काय वाटते?" आणि मी माहीत नाही म्हणायची. दर वेळी तेवढंच.

पाच-सहा महिने मी ते काढले. दिवाळी आली, आईविना गेली. त्यानंतर एका सकाळी नळ आला तेव्हा मी दादाचा हात धरून त्याला समोर ओट्याखाली नेलं. लिहून सांगावंसं मला वाटत नव्हतं. लिहून एकदा खोटं सांगितलं होतं. आणि खुणा माझ्याजवळ नव्हत्या. मी पंप सुरू केला आणि त्याचा तळवा पंपावर ठेवला. त्याला थरथर कळली. मग मी आत भिंतीतल्या बोर्डाकडे बोट दाखवलं, त्या पांढऱ्या डब्याकडे. मग तळवा वर, बोटं अर्धी वाकलेली. मग माझ्या छातीवर बोट ठेवलं. मी. त्या दिवशी. लाइट नाही.

त्याला समजायला वेळ लागला नाही. त्यानं पंपावरून हात काढला, बटन बंद केलं आणि मागे निघून गेला.

दोन दिवस त्यानं माझ्या हातचं खाल्लं नाही. मागघरातच स्टोव्हवर भात शिजवला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कांड्या भरायला मागघराच्या दारात बसले होते. आई गेल्यापासून ते काम माझ्याकडे आलं होतं. त्यानं माग थांबवला. 'पंप' म्हणाला, आणि तो शब्द माशी उडवल्यासारखा हातानं उडवून दिला. मग 'खोटं' म्हणाला, आणि हात तिथेच, आपल्या छातीवर, ठेवून राहिला. बराच वेळ. मी मान खाली घातली. त्यानं जमिनीवर पाय आपटला. मी वर पाहावं म्हणून तो असंच करतो. मी वर पाहिलं. तो म्हणाला, "माझ्यासंग बोलाचं असन तं शिक. कागद नको."

त्या हिवाळ्यात काकांकडे तारेचं बंडल आलं. त्यांनी भिंतींना छेद पाडायला माणूस आणतो म्हटलं, पण दादानं ड्रिल त्यांच्या हातून घेतलं आणि तिन्ही भिंतींना छेद स्वतः पाडले. दुपारभर घरात मातीची धूळ उडत होती. तार मागघरात पोचली, तिथे दुसरा राउटर बसला. "आता मोटार लावा का मिक्सर लावा," काका म्हणाले. मग दादाकडे पाहून त्यांनी अंगठा दाखवला. एवढी खूण त्यांना येत होती.

मी शिकते आहे. चाळिशीनंतर बोटं लवकर वळत नाहीत. शाळेतल्या खुणा मी व्हिडिओ पाहूनही शिकू शकते, पण आईच्या खुणा दादाखेरीज कुणाकडे नाहीत. संध्याकाळी माग थांबला की तो त्या एकेक करून मला देतो. कडक मास्तर आहे. चुकलं की तोंड फिरवतो, आणि तोंड फिरवलं की त्याच्याशी बोलायला काही वाटच राहत नाही. कोणती खूण कोणत्या प्रसंगातून निघाली तेही तो सांगतो. 'पाहुणे' ही खूण म्हणजे आंबागडची एक लठ्ठ आत्या दारातून वाकून आत येते ती. 'मरण' म्हणजे धागा तुटल्यावर माग थांबवतात तो हात. चाळीस वर्षं मी त्या घरात वावरले आणि यातलं मला काही माहीत नव्हतं.

मागल्या आठवड्यात मी त्याला विचारलं, आई आणि तू माझ्याबद्दल बोलत असाल ना? मग मला काय म्हणायचात? माझ्यासमोर तर नुसतं बोट दाखवायचात.

तो जरा घुटमळला. मग त्यानं एक तळवा पुस्तकासारखा नाकासमोर धरला, मान खाली घातली, आणि दुसऱ्या हातानं त्या पुस्तकावर दोनदा टकटक केलं. पुस्तकामागचा चेहरा वर झाला नाही.

"हे तू," तो म्हणाला.

मी ती खूण करून पाहिली. त्यानं माझी मान अजून खाली दाबली, बोटं सरळ केली आणि पुन्हा करायला सांगितली.